न मागणाऱ्याचे देणे

कायद्याच्या व्यवसायात ज्याने काही वर्षे घालविली आहेत त्याला 'मोबदला' हा शब्द जितका परिचयाचा असतो, तितका क्वचितच दुसरा एखादा असेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मोबदल्यावाचून केलेला करार सामान्यतः निरर्थक ठरविला आहे. त्याच कायद्याच्या सत्तराव्या कलमाचा आशय असा की, एखाद्याने दुसऱ्यासाठी काही कायदेशीर काम केले, ते फुकट करावे असा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे. यातील हेतूविषयीची अट मोठी अर्थपूर्ण आहे. ज्याला मोबदला हवा होता त्याच्या पाठीशी न्यायालय उभे राहते. ज्याने मनापासून, काही न मागता दिले, त्याच्यासाठी न्यायालयापाशी काही नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे योग्यच म्हटले पाहिजे. नाहीतर शेजाऱ्याने पाजलेल्या पेलाभर पाण्याचेही दावे चालू होतील. परंतु न्यायालयाचे दार जेथे बंद होते, तेथे नीतीचा प्रश्नही संपतो काय? ज्याने मागितले नाही, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही?

या प्रश्नाचा विचार आम्ही एका दूरदेशीच्या खेळाडूच्या चरित्राच्या आधारे करणार आहोत. घरचे उदाहरण घेतले की नात्यागोत्यांचा आणि मानापमानांचा धूर डोळ्यांत जातो, आणि मूळ वस्तू दिसेनाशी होते. दूरच्या दिव्यापाशी तो धूर नसतो. आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क परगण्यातील ख्रिस्ती रिंग हा तो खेळाडू, आणि हर्लिंग हा त्याचा खेळ.

हर्लिंग हा खेळ आमच्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. प्रत्येकाच्या हाती ॲश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाची, टोकाशी रुंद होत गेलेली काठी असते. चेंडू लहान व कातड्याने मढविलेला असतो. तो जमिनीवरून मारावा, हवेतल्या हवेत मारावा, काठीच्या पात्यावर तोलून धावत न्यावा, हे सर्व नियमांस मान्य आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांस दोन उंच खांब व त्यांमध्ये एक आडवा दांडा असतो. दांड्याखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून पण खांबांच्या मधून गेला तर एक गुण. रिंगच्या काळी साठ मिनिटांचा सामना असे. वेग, नजर आणि धैर्य यांची इतकी एकवट कसोटी घेणारे मैदानी खेळ जगात थोडेच असतील.

खेळ फार प्राचीन आहे. आयर्लंडच्या पुराणकथांतील वीर कूहुलिन हा बाळपणी याच काठीने व चेंडूने एका भयंकर कुत्र्याचा वध करतो अशी कथा आहे. कायद्याच्या अभ्यासकास याहून रंजक वाटावी अशी गोष्ट म्हणजे १३६६ सालचे किल्केनीचे कायदे. आयर्लंडमध्ये वसलेल्या इंग्रजांनी तेथील भाषा, चालीरीती व विवाहसंबंध यांत मिसळून जाऊ नये म्हणून हे कायदे करण्यात आले, आणि त्यांत हर्लिंग खेळण्यासही मनाई होती. खेळाने माणसे आपली होतात, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात त्या काळीही आली होती असे दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकात दुष्काळ, देशांतर आणि परभाषेचे आक्रमण यांनी खेळ क्षीण झाला. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन इत्यादी मूठभर गृहस्थांनी एकत्र येऊन गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना स्थापन केली, आणि देशी खेळांना पुन्हा जीवदान दिले. चर्चच्या हद्दीतील गाव हा तिचा पाया होता. त्यावर परगणा, परगण्यावर प्रांत, आणि सर्वांवर डब्लिन येथील अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना अशी तिची रचना झाली. खेळाडूने खेळण्याचे वेतन घ्यावयाचे नाही, हे तिचे ब्रीद आहे.

ख्रिस्ती रिंगचा जन्म कॉर्कमधील क्लॉइन या गावानजीक ३० ऑक्टोबर १९२० रोजी झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २१ नोव्हेंबर रोजी, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात सामना चालू असता ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलाने गर्दीवर गोळ्या झाडल्या. त्या हत्याकांडात चौदा जणांचे प्राण गेले. त्यांत मायकेल होगन हा एक खेळाडू होता. ज्या मैदानाच्या मातीत हे रक्त मुरले होते, त्याच मैदानावर पुढे रिंगला आपले कर्तृत्व दाखवावयाचे होते. तेथे खेळणे म्हणजे नुसती करमणूक नाही, ही भावना त्या पिढीला शिकवावी लागली नाही.

रिंग हा सामान्य घरचा मुलगा. लहानपणीच शाळा सुटली, मोटारदुरुस्तीची उमेदवारी झाली, आणि पुढे सारा जन्म त्याने गाडी चालवून पोट भरले. प्रथम तो आयर्लंडच्या वाहतूक कंपनीत लॉरी हाकीत असे, नंतर शेल कंपनीची तेलाची गाडी. गाडीत हर्लिंगची काठी नेहमी ठेवलेली असे आणि दुपारच्या सुटीत तो एकटाच चेंडू मारीत बसे, अशी आठवण सांगतात. १९३९ पासून १९६३ पर्यंत, सुमारे चोवीस वर्षे, तो कॉर्कच्या वरिष्ठ संघातून खेळला. १९४१ ते १९४४ अशी सलग चार वर्षे, नंतर १९४६, आणि पुढे १९५२, १९५३ व १९५४ या तीन वर्षी कॉर्कने अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली. या आठही वेळी रिंग संघात होता. यांपैकी १९४६, १९५३ व १९५४ या तीन वेळी तो संघनायक होता.  मन्स्टर प्रांताकडून आंतरप्रांतीय स्पर्धेत त्याने अठरा पदके मिळविली. इतके सारे करूनही सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला गाडीच्या चाकामागे बसावयाचे असे.

येथे दुसरी एक संख्या मांडली पाहिजे. १९५४ चा कॉर्क व वेक्सफर्ड यांच्यामधील अंतिम सामना पाहण्यास क्रोक पार्कवर ८४,८५६ प्रेक्षक आले होते. हर्लिंगच्या अंतिम सामन्यास इतकी गर्दी त्यापूर्वी झाली नव्हती व त्यानंतरही झालेली नाही. या प्रेक्षकांनी दाराशी पैसे दिले. त्यातील पुष्कळ जण ज्याचे नाव घेत आले होते, त्याच्या खिशात त्यातला एक पेनीही गेला नाही. लाभ झाला हे निर्विवाद, तो कोणामुळे झाला हेही निर्विवाद. परंतु देणाऱ्याचा हेतू घेण्याचा नव्हता, म्हणून दावा नाही. सत्तरावे कलम येथे हात जोडून उभे राहते.

आता या व्यवस्थेच्या बाजूने जे सांगता येईल ते प्रथम पुरतेपणी सांगितले पाहिजे, कारण ते थोडेथोडके नाही. पहिली गोष्ट अशी की, जेथे वेतन नाही तेथे विक्री नाही. श्रीमंत परगण्याने गरीब परगण्याचा खेळाडू पैसे टाकून उचलून न्यावा, हा प्रकार त्या खेळात रूढ झाला नाही. रिंगने तरुणपणी क्लॉइन सोडून १९४१ साली कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्स या संघात प्रवेश केला हे खरे. परंतु पोटाच्या उद्योगासाठी शहरात आलेला माणूस शहराच्या संघातून खेळू लागला, इतकाच त्याचा अर्थ. परगणा त्याने कधी बदलला नाही. क्लॉइनच्या मुलाला 'हा आमचा' असे म्हणताना उद्या तो कोणाचा होईल अशी धास्ती बाळगावी लागली नाही. आपलेपणाची ही खात्री पैशाने विकत मिळत नाही, आणि पैसा मध्ये आला की ती टिकणे कठीण होते.

दुसरी गोष्ट समतेची. १९४६ च्या विजयी संघाचा नायक रिंग होता, आणि त्याच्या हाताखाली खेळणाऱ्यांत जॅक लिंच नावाचा तरुण बॅरिस्टर होता. लिंच १९४५ मध्ये वकिली करू लागला, आणि पुढे १९६६ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला. आमच्या व्यवसायबंधूंपैकी एकाने हाताने कष्ट करणाऱ्या माणसाच्या आज्ञेत आनंदाने राहावे, हे दृश्य आम्हांस मोठे लोभसवाणे वाटते. बाजारात त्या दोघांच्या श्रमांची किंमत वेगळी होती. मैदानात कोणाच्याच श्रमाला किंमत नव्हती, म्हणून दोघांची योग्यता केवळ कौशल्यावरून ठरली. देवळाच्या सभामंडपात भजनाला बसलेल्यांत सावकार कोण आणि कूळ कोण हे टाळ वाजू लागल्यावर कळत नाही, तसाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट १९५६ साली घडली. रिंगचे वय छत्तिसाव्या वर्षाकडे झुकलेले. आठ पदके गाठीशी होती. नववे मिळाले असते तर तोपर्यंत कोणीही त्याची बरोबरी केलेली नसती. समोर पुन्हा वेक्सफर्डचा संघ होता. सामना संपत आला असता, वेक्सफर्ड थोड्याशा गुणांनी पुढे असताना, रिंगच्या काठीतून सुटलेला चेंडू गोलात जाणार असे वाटत होते. परंतु आर्ट फोली या गोलरक्षकाने तो अडविला. रिंगने पुढे होऊन त्याचे अभिनंदन केले असे सांगतात. थोड्याच वेळात वेक्सफर्डने गोल केला आणि २ गोल १४ गुण विरुद्ध २ गोल ८ गुण अशा फरकाने सामना जिंकला. शिटी वाजली तेव्हा वेक्सफर्डच्या निक ओडॉनेल व बॉबी रॅकर्ड या दोघांनी पराभूत रिंगला खांद्यावर घेतले आणि मैदानाबाहेर नेले. त्र्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक ते पाहत होते. ज्यांनी नववे पदक हिरावून घेतले, त्यांनीच त्याला मिरवावे, ही गोष्ट कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. विजयी माणसाला आपला विजय क्षणभर बाजूस ठेवून पराजिताचे ऋण आठवले. त्या दोघांचे हे कृत्यही मोबदल्यावाचूनच होते.

इतके वाचून कोणी म्हणेल की प्रश्न सुटला. वेतनावाचून केलेले कर्म माणसाला शुद्ध करते, आणि त्याला वेतन देऊ करणे म्हणजे त्याच्या शुद्धतेवर पाणी ओतणे होय. परंतु एवढ्यावर निकाल देणे म्हणजे एकाच पक्षाचे साक्षीदार तपासण्यासारखे आहे. दुसऱ्या पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे.

१९५३ चा अंतिम सामना कॉर्क व गॉल्वे यांच्यात झाला. रिंगवर नजर ठेवण्यास गॉल्वेने आपला एक खेळाडू नेमला होता. त्या खेळाडूला सामन्यात जबर दुखापत झाली. ती रिंगने केली असा आरोप गॉल्वेकडून झाला, आणि ती कटुता सामन्याबरोबर संपली नाही. डब्लिनच्या हॉटेलापर्यंत ती खेळाडूंच्या पाठोपाठ गेली. खरे काय घडले याविषयी आज निर्णय देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्हांस येथे इतकेच नोंदवावयाचे आहे की, १९५३ चे खेळाडू १९५६ च्या खेळाडूंइतकेच बिनपगारी होते. वेतन नसणे हे कारण मानले, तर त्या एकाच कारणापासून गॉल्वेचा द्वेष आणि वेक्सफर्डचे औदार्य ही दोन्ही कार्ये निपजली असे म्हणावे लागेल. याचा अर्थ उघड आहे. वेतनाचा अभाव चांगुलपणाला जागा करून देतो. पण ती जागा भरावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

निष्काम कर्माविषयी आपल्याकडे बोलले जाते तेव्हा याच ठिकाणी घोटाळा होतो. पैसा न घेणे म्हणजे फळाची आशा न धरणे, असे आपण सहज समजून चालतो. परंतु फळे अनेक प्रकारची असतात. रिंगला विजय हवा होता. तो त्याला इतका तीव्रपणे हवा होता की त्यासाठी चोवीस वर्षे त्याने देह झिजविला. कीर्ती, मान, गावच्या लोकांच्या डोळ्यांतील कौतुक, हीदेखील फळेच होत. म्हणून रिंगला स्थितप्रज्ञ ठरवून पूजेला बसविण्याचा आमचा विचार नाही. तो आपल्यासारखाच इच्छांनी भरलेला माणूस होता. त्याची विशेषता एवढीच की, आपल्या सर्वांत उत्तम शक्तीचा त्याने व्यापार केला नाही. ही विशेषता लहान नाही. पण ती आहे त्याहून मोठी करून सांगण्यात एक धोका आहे. सेवकाला साधू ठरविले की त्याला भूकही लागते याचा विसर पडतो.

वेतन न देणारी संस्था सेवकावर हक्क किती सांगू शकते, हा पुढचा प्रश्न आहे. गेलिक संघटनेने विसाव्या शतकाच्या आरंभी असा नियम केला की, तिच्या सभासदाने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी यांसारखे परकीय खेळ खेळू नयेत, इतकेच नव्हे तर ते पाहावयासही जाऊ नये. परसत्तेखाली दबलेल्या समाजाने आपले खेळ जगविण्यासाठी असे कुंपण घातले यात नवल नाही. सीमेवर राहणाऱ्या, आपली भाषा व आपले सण परक्या राजवटीत सांभाळणाऱ्या लोकांना तर ती भावना समजावून सांगण्याचीही गरज नाही. परंतु कुंपणाची एक खोड असते: चोर येवो न येवो, ते घरच्या माणसाच्या अंगाला काटे लावते. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १८९३ साली गेलिक लीग स्थापून आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाचा पाया ज्यांनी घातला, तेच हे हाइड. नोव्हेंबर १९३८ मध्ये आयर्लंड व पोलंड यांच्यामधील फुटबॉलचा सामना पाहण्यास ते राष्ट्राध्यक्ष या नात्याने गेले. आणि या अपराधाबद्दल गेलिक संघटनेने त्याच वर्षी त्यांना आपल्या आश्रयदातेपदावरून दूर केले. ज्याने भाषा वाचविली त्याला भाषेच्या अभिमान्यांनी घराबाहेर काढले! हा नियम अखेर १९७१ साली रद्द झाला, आणि त्याच्या जाण्याने हर्लिंग बुडाले नाही.

करारात ज्याला मोबदला मिळतो त्याच्यावर बंधने घालता येतात. तो बंधनांचीही किंमत घेत असतो. जो काहीच घेत नाही त्याच्या खेळावरच नव्हे, तर त्याच्या रिकाम्या दुपारीवरही हक्क सांगणे म्हणजे दानात मिळालेल्या गाईच्या मालकाकडे दाव्याचेही पैसे मागणे होय. स्वेच्छेने सेवा करणाऱ्यावर संस्थेचा अधिकार पगारी नोकरावरील अधिकारापेक्षा कमी असावयास पाहिजे. व्यवहारात मात्र तो अधिक होऊन बसतो, कारण पगारी नोकर नोकरी सोडून जाऊ शकतो. प्रेमाने बांधलेला माणूस जाणार कोठे?

येथपर्यंत आल्यावर आम्हांस जो निष्कर्ष दिसतो तो असा. 'मागू नये' हा सेवा करणाऱ्याचा धर्म आहे. 'न मागता द्यावे' हा सेवा घेणाऱ्याचा धर्म आहे. हे दोन वेगळे धर्म आहेत, आणि ज्याचा त्यानेच तो पाळावयाचा आहे. सेवा घेणारा जेव्हा स्वतःचा धर्म बाजूस ठेवून सेवकाला त्याचा धर्म शिकवू लागतो, तेव्हा तेच सुंदर वचन अन्यायाचे साधन बनते. निःस्पृहतेचा उपदेश निःस्पृहाने स्वतःला करावा. तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याच्या तोंडी तो शोभत नाही.

करार कायद्याचा अभ्यास केलेल्यास येथे आणखी एका कलमाची आठवण होईल. मोबदल्यावाचून करार निरर्थक, या नियमाला पंचविसाव्या कलमातच अपवाद सांगितले आहेत. त्यातील एक अपवाद असा की, ज्याने पूर्वी आपल्यासाठी स्वेच्छेने काही केले आहे, त्याची भरपाई करण्याचे वचन कोणी दिले, तर ते वचन बंधनकारक ठरते. कायदा सेवकाला मागण्याचा हक्क देत नाही. पण सेवा घेणाऱ्याने स्वतःहून कृतज्ञता शब्दांत मांडली, तर तिला तो करारइतकेच वजन देतो. न्याय आणि कृतज्ञता यांच्यामध्ये रुक्ष समजल्या जाणाऱ्या कायद्यानेही हा असा पूल बांधून ठेवला आहे. त्यावरून चालत जावयाचे की नाही हे घेणाऱ्याच्या मनावर आहे.

आयर्लंडमध्ये पुढे काय झाले? रिंगची पिढी गेल्यावर खेळाडूंना आपली बाजू स्वतः मांडावी असे वाटू लागले, आणि १९९९ साली गेलिक खेळाडूंची स्वतंत्र संस्था निघाली. काही वर्षांनी परगण्यांच्या संघांतून खेळणाऱ्यांना शासनाकडून वार्षिक अनुदान मिळू लागले. वेतन मात्र आजही नाही, आणि ते असावे असे मानणारेही तेथे बहुसंख्य दिसत नाहीत. क्रोक पार्कचे भव्य मैदान उभे आहे, ब्याऐंशी हजारांवर माणसे त्यात मावतात, आणि त्याच्या मध्यभागी खेळणारे तरुण सोमवारी आपापल्या शाळांत, शेतांत व कचेऱ्यांत कामाला जातात. यात जे उदात्त आहे ते आम्हांस मान्य आहे. परंतु गुडघा मोडलेल्या खेळाडूच्या घरी कोण जातो, त्याची बुडालेली मजुरी कोण भरतो, हा प्रश्न त्या उदात्ततेने सुटत नाही. किंबहुना तिच्यामुळेच तो अधिक निकडीचा होतो.

रिंगच्या स्मृतीचा सन्मान पुष्कळ झाला. क्लॉइनला त्याचा पुतळा आहे. कॉर्क शहरातील एक मैदान १९९३ पासून त्याच्या नावाने ओळखले जाते. ते मैदान पूर्वी फुटबॉलचे होते, म्हणजे एके काळी ज्याच्याकडे पाहणेही पाप होते त्याच परकीय खेळाचे. हर्लिंगमध्ये मागे असलेल्या परगण्यांसाठी २००५ साली एक स्पर्धा सुरू झाली, तिला ख्रिस्ती रिंग करंडक असे नाव दिले गेले. सर्वांत समर्थ खेळाडूचे नाव दुर्बळांच्या स्पर्धेला द्यावे, ही कल्पना आम्हांस पुतळ्याहून सरस वाटते. पुतळा गेलेल्याचा मान राखतो, करंडक पुढच्यांना खेळावयास लावतो. तरीपण मरणोत्तर सन्मानाविषयी एक शंका मनात राहते. तो देणाऱ्याच्या सोयीचा असतो. मृताला भूक नसते, आजार नसतो, मुलांची शाळा नसते. त्याचे देणे फुलांनी व भाषणांनी फिटते. जिवंत सेवकाचे देणे मात्र धान्याने, औषधाने आणि वेळेवर केलेल्या विचारपुशीने फेडावे लागते. म्हणूनच आपण बहुधा त्याच्या मरणाची वाट पाहतो.

हा विचार आयर्लंडपुरता राहावा असे आम्हांस वाटत नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा संबंध कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी आहे. देवाच्या दारी पहाटे चौघडा वाजविणारा, झाडलोट करणारी, दिवटी धरणारा, उत्सवात रात्रभर पखवाज वाजवून सकाळी शेतावर जाणारा, ही माणसे आपण 'सेवेकरी' या एका शब्दात बसवितो, आणि तो शब्द उच्चारताच हिशेबाची वही मिटतो. आपल्या पूर्वजांनी ती मिटली नव्हती. सेवेकऱ्याला जमिनीचा तुकडा वा धान्याचा वाटा लावून दिलेला असे, प्रसादाचा मान ठरलेला असे. सेवा देवाची असली तरी पोट सेवेकऱ्याचे आहे, हे त्या जुन्या लोकांना समजत होते. त्या व्यवस्थेत जन्माने लादलेली बंधने होती, ती गेली हे चांगलेच झाले. परंतु बंधनांबरोबर वाटाही गेला, आणि सेवेची अपेक्षा मात्र तशीच राहिली, असे जेथे घडले असेल तेथे आपण सुधारणा केली असे म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. देणे सुरू केले की सेवेची चाकरी होते. आज मानधन, उद्या मागणी, परवा संप. मग भाव उरला कोठे? आमचे उत्तर असे की, भाव नष्ट होतो तो देण्याने नव्हे, तोलून देण्याने. इतके तास वाजविले, इतके रुपये घे, असे म्हटले की ती मजुरी झाली. पण ज्याने वर्षभर वाजविले त्याच्या घरी आजारपण आले असता संस्थेने स्वतःहून दाराशी जाणे, त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा भार न बोलता उचलणे, त्याच्या म्हातारपणाची तरतूद तो धडधाकट असतानाच करून ठेवणे, ही मजुरी नाही. ओडॉनेल आणि रॅकर्ड यांनी रिंगला खांद्यावर घेतले, तेव्हा त्याच्या खेळाची किंमत चुकती केली असे कोणी म्हटले नाही. आणि तरीही काहीतरी फेडले गेले हे प्रत्येकाला कळले. सेवेला सेवेनेच उत्तर देता येते. प्रश्न इतकाच की, आपल्या संस्था खांदा देण्यास तयार आहेत, की केवळ खांद्यावर बसण्यास?

रिंगने खेळणे थांबविल्यावरही देणे थांबविले नाही. कॉर्कच्या संघाची निवड करणाऱ्यांत तो पुढे काम करू लागला, आणि १९७६, १९७७ व १९७८ अशी सलग तीन वर्षे कॉर्कने अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली. त्यानंतर काही महिन्यांनी, २ मार्च १९७९ रोजी, कॉर्क शहरात रस्त्याने जात असता हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय अठ्ठावन्न. क्लॉइन येथे दफनाच्या वेळी त्याच्या कबरीपाशी बोलण्यास जॅक लिंच उभा राहिला; त्या वेळी तो दुसऱ्यांदा देशाचा पंतप्रधान होता, आणि तेहतीस वर्षांपूर्वी ज्या नायकाच्या हाताखाली तो खेळला होता त्याचाच निरोप तो घेत होता.

लिंचने त्या दिवशी ऋण मान्य केले, हे त्याला शोभले. मान्य केलेल्या ऋणाची मुदत मात्र त्याने पुन्हा सुरू होते, हे कोणताही वकील सांगेल. ज्यांच्यापासून आपण काही न देता घेतले, त्यांतले काही अजून आपल्या गावात, आपल्या देवळाच्या पायरीवर आहेत. ते मागणार नाहीत. न मागणे हा त्यांचा धर्म असून तो ते पाळीत आहेत. आपला धर्म कोणता, याची आठवण त्यांनी आपणास करून द्यावी लागू नये.